अडीचशे डॉलरचा समुद्र

मंगळवारी सकाळी ऑकलंडहून निघालो आणि सोमवारी दुपारी निऊएला उतरलो. लेकीने तिकीट काढताना हे समजावून सांगितले होते, तरी विमानात बसल्यावर मी पुन्हा बोटांवर मोजून पाहिले. साडेतीन तासांचा प्रवास, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा, आणि पाऊल पडते ते आदल्या दिवसात. सगळी नोकरी सहकारी बँकेत काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो व्याजाचा. आज सकाळी ठेवलेली ठेव काल दुपारी मोडली, तर एका दिवसाचे व्याज कोणी कोणाला द्यायचे? शेजारी एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. मूळचे निऊएचे, आता ऑकलंडला बस चालवतात. त्यांना विचारले, तर म्हणाले, "व्याजाचं माहीत नाही, पण वाढदिवस दोनदा करता येतो." त्यांच्या मांडीवर तळलेल्या कोंबडीचा भला मोठा डबा होता. घरच्यांची फर्माईश. बेटावर तसली कोंबडी मिळत नाही म्हणे. अख्ख्या विमानाला त्या डब्याचा वास येत होता आणि कोणाचीच तक्रार नव्हती, कारण वरच्या कप्प्यांत तसले आणखी डबे होते.

निऊए या नावाचा अर्थ 'पाहा, नारळ!' असा सांगतात. राजापूर तालुक्यातल्या माणसाला तिकडे जायला एवढे कारण पुरे होते. लेकीला मात्र ते पटले नाही. "बाबा, तिथे किनारासुद्धा नाही," ती म्हणाली. ते खरे निघाले. निऊए म्हणजे समुद्रातून उभाच्या उभा वर आलेला प्रवाळाचा प्रचंड दगड. भोवती वीस-तीस मीटरचा कडा, कड्याच्या पायथ्याशी गुहा आणि निळ्या पाण्याच्या डोहासारख्या घळी. वाळू अगदी मूठभर, तीही एखाद्या कपारीत. नदी नाही, ओढा नाही. पाऊस भरपूर पडतो आणि दगडाच्या छिद्रांतून सरळ खाली जातो. तळाशी खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगतो, तो पंपाने वर ओढायचा. सड्यावर वाढलेल्या मला ही तऱ्हा ओळखीची होती. आमच्या जांभ्यालाही पावसाळ्यात सगळे मिळते आणि मार्चपर्यंत काही उरत नाही.

क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा कमी. वस्ती सुमारे १७०० माणसांची. गावे चौदा. विधानसभेत वीस सदस्य, चौदा गावांचे चौदा आणि सगळ्या बेटाने मिळून निवडायचे सहा. १९७४ पासून निऊए स्वतःचा कारभार स्वतः पाहते, पण न्यूझीलंडशी 'मुक्त सहयोगा'च्या नात्याने जोडलेले. नागरिकत्व न्यूझीलंडचे, चलन न्यूझीलंडचे, खर्चाचा मोठा भारही न्यूझीलंडच्या मदतीवर. स्वतंत्र देश म्हणावा की नाही यावर वकील वाद घालू शकतात. भारताने २०१२ मध्ये राजनैतिक संबंध जोडून आपल्यापुरता तो वाद मिटवला.

मी अलोफी या राजधानीत एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. बाई सरकारी खात्यात कामाला. यात विशेष काही नाही, कारण पगार घेणारी बहुतेक माणसे सरकारी खात्यातच कामाला असतात. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना एटीएम कुठे आहे ते विचारले. "नाही," त्या म्हणाल्या. मग जवळच्या एखाद्या गावात? "या देशात नाही." बँकेची शाखा आहे, एक. माझ्यातल्या माजी शाखाधिकाऱ्याला त्या रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोट आली. इथे 'बोट' म्हटले की एकच, ऑकलंडहून तीन-चार आठवड्यांनी येणारी मालवाहू. तांदूळ, पीठ, डबाबंद मांस, सिमेंट, डिझेल, टायर, टॉयलेट पेपर, सगळे तिच्यातून. आणि तिला लागायला बंदरच नाही. अलोफीच्या कड्याखाली एक छोटा धक्का आहे. त्याला इथल्या पहिल्या पंतप्रधानांचे, सर रॉबर्ट रेक्स यांचे नाव दिलेले आहे. बोट बाहेर खोल पाण्यात थांबते, कंटेनर एका सपाट तराफ्यावर उतरवतात, तराफा धक्क्याशी आणतात आणि क्रेनने कंटेनर उचलतात. मधे लाट आली तर कंटेनर हवेत झोके खातो आणि खाली उभी असलेली माणसे मान वर करून गप्प राहतात. समुद्र खवळलेला असला की बोट लांबच घुटमळत राहते, आणि दुकानांतल्या फळ्यांवरची रिकामी जागा रोज थोडी वाढते.

मी धक्क्यावर दोन तास उभा होतो. माझ्याखेरीज तिथे निष्काम उभे असलेले कोणी नव्हते. कोळ्यांच्या होड्यासुद्धा त्याच क्रेनने पाण्यात सोडतात आणि संध्याकाळी माशांसकट वर घेतात. किनाराच नसल्यामुळे होडी ओढून ठेवणार कुठे? साखरी नाट्याच्या बंदरात होड्या ओढताना खांदा लावलेला मी, मला क्रेनच्या हुकाला लटकलेली होडी फार केविलवाणी दिसली. एका पोराने माझे तोंड पाहून विचारले, "तुमच्याकडे होड्या स्वतः चालत येतात का?"

या धक्क्यावरून आत येणारा माल मोजला आणि बाहेर जाणारा मोजला, तर निऊएची अर्थव्यवस्था कोणत्याही हिशोबनीसाला बुडीत वाटेल. बाहेर काय जाते? टॅरो, थोडा मध, थोडी व्हॅनिला, नोनीचा रस. पूर्वी खोबरे जाई, केळी जात, लिंबे आणि पॅशनफ्रूट जात. वादळ आले की बाग जाई, आणि बाग उभी राहीपर्यंत जहाजाचे भाडे वाढलेले असे. मध चांगला आहे हे मी स्वतः खात्री करून सांगतो. जगभर मधमाश्यांना पोखरणारी व्हरोआ गोचीड या बेटावर पोचलेली नाही, त्यामुळे इथल्या माश्या निरोगी म्हणून नावाजलेल्या. दूर असण्याचा एवढा एक रोकडा फायदा.

पण वस्तू विकता येत नाहीत म्हणून देशाने हात जोडून बसायचे, असे थोडेच आहे? बोटीत भरावे लागत नाही असे काही विकता येईल का? निऊएने गेली सव्वाशे वर्षे या प्रश्नाची जी उत्तरे काढली आहेत, ती पाहून मी मनोमन टोपी काढली. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत इतके कल्पक कर्जदार मला भेटले नाहीत.

सुरुवात तिकिटांपासून. १९०२ मध्ये न्यूझीलंडच्या टपाल तिकिटांवर निऊएचे नाव छापून ती विकली जाऊ लागली. पत्रे लिहिणारे इथे किती असणार? पण तिकिटे जमवणारे जगभर होते. ज्या तिकिटावर कधीच पत्र जाणार नाही, त्याचे पैसे म्हणजे टपाल खात्याला निव्वळ नफा. २०११ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राचे लग्न झाले तेव्हा निऊएच्या नावाने वधूवरांच्या चित्राचे तिकीट निघाले. जोडीच्या बरोबर मधून फाडण्यासाठी पाडलेल्या छिद्रांची रेघ! वर एका तुकड्यावर, वधू दुसऱ्यावर. साऱ्या जगाने थट्टा केली. तिकीट मात्र गाजले.

मग नाणी. परदेशातल्या टांकसाळी निऊएच्या नावाने संग्राहकांसाठी चांदीसोन्याची नाणी पाडतात. त्यांवर २००१ मध्ये पोकेमॉन, २०११ मध्ये स्टार वॉर्सची पात्रे. कायद्याने ही इथली वैध नाणी आहेत. मी एका दुकानात विचारले की अशा नाण्याने पावाची लादी मिळेल का. दुकानदारीण म्हणाली, "मिळेल की. पण त्या नाण्याची किंमत पाहिली तर माझं दुकानच घ्या." गल्ल्यात तिच्याकडे साधे न्यूझीलंडचे डॉलर होते. निऊएचे नाणे निऊएत कोणी पाहिलेले नाही.

यानंतर मात्र विक्रीला असलेल्या मालाचा रंग बदलतो. १९९०च्या दशकात दूरध्वनीचा देशसंकेत, सहा-आठ-तीन, कमाईला लावला. परदेशातले शौकीन रात्री-अपरात्री महागड्या 'गप्पांच्या' क्रमांकावर फोन करत. तो फोन कागदोपत्री निऊएला लागे आणि दरातला वाटा इथे जमा होई. रविवारी होडीही पाण्यात न घालणारे हे धर्मभीरू बेट. चुकून एखादा फोन खरोखरच इथल्या एखाद्या भल्या घरात वाजे, आणि आजीबाई उचलत. पुढचे बोलणे काय होत असेल याची कल्पना मी घरमालकीणबाईंना विचारून पाहिली. त्या हसून हसून खुर्चीवरून उठल्या आणि चहा टाकायला गेल्या.

१९९४ मध्ये परदेशी कंपन्यांची नोंदणी सुरू झाली. नोंदणीचा मक्ता पनामातल्या मोसॅक फोन्सेका या कायदेसल्लागार कंपनीकडे. पुढे पनामा पेपर्समुळे जगाला ठाऊक झाली, तीच. या दगडावर पाऊल न ठेवता हजारो कंपन्या निऊएवासी झाल्या, अगदी चिनी आणि रशियन लिपीतली नावे घेऊनसुद्धा. फी येत राहिली. २००० मध्ये काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने निऊएला असहकारी देशांच्या यादीत टाकले. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या दोन मोठ्या बँकांनी इकडे डॉलर पाठवणे थांबवले, तेव्हा सरकारला दुकान आवरायला घ्यावे लागले. २००६ पर्यंत ते बंद झाले. बँकवाला म्हणून मी इथे काही बोलत नाही. बेनामी खाती ओळखण्यात आमच्याही पिढीने फार दिवे लावले असे नाही.

आणि दोन अक्षरे. इंटरनेटवर प्रत्येक देशाला पत्त्याच्या शेवटी लावायला दोन अक्षरे मिळतात. भारताला 'आयएन', निऊएला 'एनयू'. योग असा की स्वीडिश भाषेत 'नू' म्हणजे 'आत्ता'. लाखो स्वीडिश लोकांना आपल्या संकेतस्थळाच्या शेवटी 'आत्ता' हवे होते. १९९७ पासून ही अक्षरे एका अमेरिकी माणसाने उभ्या केलेल्या संस्थेच्या हाती होती. तिने बदल्यात २००३ मध्ये बेटावर फुकट वाय-फाय दिले, आणि सगळ्या देशाला फुकट वाय-फाय देणारा पहिला देश म्हणून निऊएचे नाव झाले. मुख्य पैसा मात्र बाहेरच राहिला, अशी इथली तक्रार. २०१३ मध्ये अक्षरांचा कारभार स्वीडनमधल्या एका प्रतिष्ठानाकडे गेला. २०१८ मध्ये निऊए सरकारने स्वीडनच्या न्यायालयात दावा लावला. आपलेच नाव परत मिळवायला देशाला परदेशात खटला चालवावा लागतो, हे ऐकून मला आमच्या भाऊबंदकीतले पंचवीस वर्षे चाललेले आंब्याच्या कलमांचे प्रकरण आठवले.

एवढे सगळे विकणाऱ्या या बेटावर एक गोष्ट मात्र विकता येत नाही. जमीन. ती 'मागाफाओआ'ची, म्हणजे विस्तारलेल्या कुळाची. एकट्या माणसाची नाही, त्यामुळे विकणार कोण? परक्याला भाडेपट्ट्याने मिळते, तीही कुळ राजी झाले तर. आणि कुळ कुठे आहे? ऑकलंडला.

बेटाला वळसा घालणारा रस्ता साठ-पासष्ट किलोमीटरचा. भाड्याची गाडी घेऊन मी तो दोनदा केला. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीतला माणूस हात करतो, आपणही करायचा. हात आखडला तर परका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे, घरांच्या अंगणात पांढऱ्या रंगवलेल्या समाध्या, आणि दर दोन-तीन घरांमागे एक घर उघडे, दारे-खिडक्यांविना, आत वाढलेले झाड छपरातून वर आलेले. १९५९ आणि १९६०च्या लागोपाठच्या वादळांनंतर न्यूझीलंडने काँक्रीटची घरे बांधून दिली, त्यांतलीच ही बरीच. वादळांना पुरून उरली आणि माणसांविना पडली. १९६६ मध्ये बेटावर पाच हजारांहून जास्त लोक होते. १९७०च्या सुमारास विमानतळ झाला. बाहेरून माणसे यावीत म्हणून तो बांधला. माणसे गेली. आज न्यूझीलंडमध्ये स्वतःला निऊएचे म्हणवणारे तीस हजारांवर आहेत, बेटावर त्यांच्या एक-पंधरांशही नाहीत. जानेवारी २००४ मध्ये हेटा नावाच्या चक्रीवादळात लाटा कड्यावर चढल्या, अलोफीतले रुग्णालय आणि संग्रहालय धुऊन गेले. तेव्हाही काही घरे कायमची मिटली.

मी एका उघड्या घरात शिरलो. भिंतीवर मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. नावे पुसली होती. आमच्या गावच्या वरच्या वाडीत दोड्यांची, बापटांची अशी किती घरे आहेत, गणपतीत कुलूप निघते, नाहीतर वाळवी. सातबाऱ्यावर बावीस नावे, त्यांतली पाच वारलेली, तीन अमेरिकेत. विकायचे म्हटले तरी सह्या मिळत नाहीत. तरी निऊएची जमीन निऊएची राहिली आणि आमची राहिली नाही, कारण आमच्याकडे शेवटी सह्या मिळतात. रिसॉर्टवाल्यांचे वकील त्या मिळवतात.

१९८५ मध्ये वेलिंग्टनच्या दोन अभ्यासकांनी, बर्ट्राम आणि वॉटर्स यांनी, या भागातल्या बेटांच्या अर्थकारणाला एक नाव दिले. स्थलांतर, बाहेरून येणारे पैसे, परकी मदत आणि नोकरशाही, या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून 'मिराब'. त्यांचे म्हणणे असे की ही बेटे उत्पादनात मागे पडलेली नाहीत, त्यांचा संसारच या चार खांबांवर उभा आहे, आणि कुटुंबे विचारपूर्वक एक मुलगा ऑकलंडला, एक सरकारी कचेरीत आणि एक टॅरोच्या मळ्यात अशी वाटणी करतात. हे वाचले तेव्हा मी हसलो. आमच्या लहानपणी रत्नागिरी जिल्ह्याला 'मनीऑर्डरवर जगणारा' म्हणत. माझे एक काका गिरणीत, एक पोस्टात, आणि वडील शेतावर. तीन भावांत एकच चूल होती, मुंबईपासून राजापूरपर्यंत लांब पसरलेली. कोणी अभ्यासक आला नाही म्हणून नाव तेवढे मिळाले नाही.

शुक्रवारी पहाटे अलोफीचा बाजार भरतो. पहाटे म्हणजे खरोखरच काळोखात. उजाडेपर्यंत चांगला माल संपलेला असतो. मी गेलो तेव्हा एका म्हाताऱ्यापुढे टॅरोचे ढीग होते. टॅरो म्हणजे आपले अळू. पाने नव्हेत, कंद, आणि आमच्या अळकुडीच्या दहापट. इथला गुलाबी टॅरो ऑकलंडला फार मागणीचा. म्हाताऱ्याने मला मळा दाखवायला बोलावले. मळा म्हणजे दगडांच्या मधल्या खळग्यांत साचलेली माती. एकेका खळग्यात एकेक रोप, पहारीने भोक पाडून लावलेले. नांगर फिरेल अशी सपाटी कुठे नाही. "किती रोपं?" मी विचारले. त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "दोन लग्नं आणि एक मयत निघेल इतकी." हे माप मला बँकेत कोणी शिकवले नव्हते. मी त्यांना सांगितले की आम्ही याच्या पानांचे फतफते करतो आणि पाने वळून वड्या तळतो. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग खालचा कंद टाकून देता?" मी नाही म्हणालो, पण त्यांचा विश्वास बसला नसावा.

ऑगस्ट महिना होता. जुलै ते ऑक्टोबर देवमासे दक्षिणेकडून पिलांना जन्म द्यायला इकडे येतात, आणि कडा सरळ खोल पाण्यात उतरत असल्यामुळे ते अगदी जवळून दिसतात. सकाळी दात घासत ओट्यावर उभे राहावे आणि समोर फवारा उडावा, असे दोनदा झाले. देवमाशांसाठी पर्यटक येतात, आणि पर्यटन हाच आता इथला खरा धंदा. पण आठवड्याला एक-दोन विमाने येणार, त्यांत निम्मे घरचेच. धंदा वाढून वाढून किती वाढेल? मोठा खारा विस्तार मात्र निऊएकडे आहे. बेटाभोवतीचा हक्काचा समुद्र ३ लाख १७ हजार ५०० चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांच्या थोडा वर. म्हणजे महाराष्ट्राहून मोठे पाणी आणि ते राखायला एका मध्यम कोकणी गावाएवढी माणसे. २०२२ मध्ये निऊएने हा सगळाच्या सगळा समुद्र सागरी उद्यान म्हणून जाहीर केला. त्यातला चाळीस टक्के भाग, 'मोआना माहू', १ लाख २७ हजार चौरस किलोमीटर, पूर्ण निषिद्ध. तिथे मासेमारी नाही, खाणकाम नाही, काही नाही.

आणि मग, सप्टेंबर २०२३ मध्ये, पुन्हा तीच जुनी कला. मोआना माहूचा एक चौरस किलोमीटर वीस वर्षे राखण्याची हमी, किंमत २५० न्यूझीलंड डॉलर. कोणीही घ्यावी. मी माझ्या वहीत गुणाकार केला. १,२७,००० गुणिले २५० म्हणजे ३ कोटी १७ लाख ५० हजार डॉलर. एका चौरस किलोमीटरमागे वर्षाला साडेबारा डॉलर. बंदोबस्तासाठी हे स्वस्तच म्हणायचे. हा पैसा सांभाळणाऱ्या उपक्रमाचे नाव 'निऊए ओशन वाइड', आद्याक्षरांनी 'नाऊ'. म्हणजे इंग्रजीत पुन्हा 'आत्ता'! स्वीडनकडे गेलेली दोन अक्षरे अशी इंग्रजीतून परत आली. घेणाऱ्याला समुद्राचा सातबारा मिळत नाही, मासे मिळत नाहीत, पाहायला जायचे म्हटले तर तिथे काही दिसतही नाही. तिकीट, नाणे, दूरध्वनीचा आकडा, कंपनीचे नाव, दोन अक्षरे, या सगळ्यांत कोणाला तरी काहीतरी वापरायला मिळत होते. इथे प्रथमच निऊए न वापरण्याचे पैसे घेते आहे. मी एक चौरस किलोमीटर नातीच्या नावाने घेतला. पावती आली. तारण म्हणून कोणतीही बँक ती धरणार नाही, मी तर नाहीच धरली असती.

शनिवारी घरमालकीणबाईंच्या पुतण्याच्या मुलाचे 'हिफी उलू' होते. केस कापण्याचा सोहळा. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, जन्मल्यापासून केस कापलेले नाहीत, कमरेपर्यंत आलेले. त्यासाठी ऑकलंडहून विमानभर नातलग आलेले. माझ्या शेजारी बसलेले बसचालक गृहस्थ त्यांतलेच, मुलाचे चुलते निघाले. अंगणात मांडव, मधे खुर्चीवर मुलगा, केसांच्या बटा वेगवेगळ्या करून प्रत्येक बटेला रिबीन बांधलेली. नाव पुकारले की एकेक नातलग पुढे येतो, कात्रीने एक बट कापतो, आणि मुलापुढे पैसे ठेवतो. मुलगा कोणाकडेही न पाहता बसला होता, आमच्याकडे मुंजीत बटू बसतो तसा, भुकेला आणि कंटाळलेला.

मी पाहत होतो ते मांडवाच्या कोपऱ्यात. तिथे टेबलाशी दोन बायका जाड पुठ्ठ्याची वही घेऊन बसल्या होत्या. पाकीट आले की उघडायचे, मोजायचे, लिहायचे. पैसेच नव्हेत. कोणी किती टॅरो आणले, किती डुकरे, किती कोंबड्यांची खोकी, किती मासे, सगळे नावावार. आहेराची वही! मी रांगेत उभा राहिलो, पन्नास डॉलरचे पाकीट दिले. "नाव? गाव?" रत्नागिरीचे स्पेलिंग लिहिताना लिहिणारीचे पेन दोनदा अडखळले. मी वाकून वरची पाने पाहिली. जुन्या नोंदी होत्या: कोणाच्या मुलाच्या केसांना यांनी किती दिले, ते पुढच्या वेळी कसे परतले. काही नावांपुढे ऑकलंड, काहींपुढे ऑस्ट्रेलियातली शहरे. रक्कम, माल, तारीख. व्याजाचा रकाना नव्हता.

नंतर अंगणात वाटण्या घातल्या. टॅरोचे, डुकराच्या मांसाचे, माशांचे ढीग ओळीने, आणि वही वाचत वाचत ज्याने जसे दिले तसे त्याला परत. बोटीतून आलेली कोंबडीची खोकी या ढिगांत, ऑकलंडच्या पगाराचे डॉलर मुलाच्या मांडीवर, आणि संध्याकाळपर्यंत यातले निम्मे पुन्हा कोणाच्या तरी सामानात विमानाकडे निघालेले. धक्क्यावर उभे राहून मी जो जमाखर्च मांडला होता, त्यात या वहीतले काहीच धरलेले नव्हते. एवढी वर्षे ताळेबंद तपासून मला हे कळायला हवे होते की बुडीत खात्याचा माणूस इतका निवांत नसतो.

घरमालकीणबाईंना मी सांगितले की आमच्याकडे जावळ वर्षाच्या आत-बाहेर काढतात, आणि मुलींचे कान टोचतात. त्या टाळ्या पिटत उठल्या. "आमच्याकडेही! हुकी तेलिंगा!" मुलींसाठी तोच सोहळा, तशीच वही. मग नातीचे विचारले. मी ओशाळून म्हणालो, तिचे कान राहिलेत. लेक म्हणते, मोठी झाली की तिलाच विचारू. बाईंनी यावर काही मत दिले नाही, पण पुढे दोन दिवस मला ताटात जरा जास्तच वाढले जात होते.

पुढच्या शुक्रवारी निघालो. विमान येते त्याच दिवशी परत जाते, त्यामुळे विमानतळावर अर्धे बेट जमलेले असते. उतरणाऱ्यांच्या हातात कोंबडीचे डबे, चढणाऱ्यांच्या हातात बर्फाच्या पेट्या. बाईंनी माझ्याही हातात एक दिली. गोठवलेले मासे आणि ताकीही, म्हणजे टॅरो आणि पपईचे थर नारळाच्या दाट रसात भाजलेले. "ऑकलंडला माझी बहीण घ्यायला येईल." मी तिला ओळखणार कसा? "ती तुम्हाला ओळखेल."

तीन-साडेतीन तासांनी शनिवार उजाडलेला नव्हता, तो संध्याकाळी ऑकलंडला संपत आला होता. मधला दिवस कुठे जमा झाला कोण जाणे. तपासणीच्या टेबलावर पेटी उघडून दाखवली, अधिकाऱ्याने झाकण लावता लावता "ताकीही का?" असे विचारले, आणि बाहेर आलो. लेक, जावई, नात. त्यांच्या पुढे फुलाफुलांच्या झग्यातली एक उंच बाई. तिने पेटी हाताने तोलली, खाली ठेवली, माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"रत्नागिरी?" तिने विचारले. तीच ती, वहीत लिहिताना अडखळलेली अक्षरे, आता फोनवरून इथवर पोचलेली. मी मान हलवली. ती खाली बसली, नातीच्या कानांची पाळी चिमटीत धरून पाहिली, आणि माझ्या लेकीकडे वळून म्हणाली, "तारीख आधी कळवा. आम्ही निदान बाराजण येऊ."